दुखवट्याच्या घरी दुसऱ्यांदा

"मावशी, ते गाठोडं वर ठेवा की. मला टेकाय येईना झालंय," शेजारचा माणूस तिसऱ्यांदा म्हणाला, तेव्हा शरणम्मानं गाठोडं आणखीच पोटाशी धरलं.

"वर ठिवलं तर चुरा हुतोय. भाकऱ्या हायत्या."

"भाकरीचा कुटं चुरा हुतोय व्हय?"

"कडक भाकरी हाय."

मग त्या माणसानं वाद घातला नाही. उलट स्वतःच जरा आकसून बसला. ज्वारीच्या पिठाची, पापडासारखी पातळ थापायची, तव्यावर भाजायची आणि मग धगीला उभी करून खडखडीत वाळवायची, अशी ही भाकरी महिना महिना टिकते. एसटीतल्या एका कोपरापुढे मात्र तिचं काही चालत नाही. शरणम्मा सोलापूरच्या बाळीवेशीतल्या आपल्या दोन खोल्यांत बावीस वर्षं ती थापत आली होती. नवरा सिद्धाप्पा होता तेव्हा संसाराला हातभार म्हणून, तो गेल्यावर पोटासाठी, आणि पोरगा गेल्यावर दिवस ढकलायला काहीतरी हवं म्हणून.

आजच्या भाकऱ्या मात्र विकायच्या नव्हत्या. त्या वळसंगला एका दुखाच्या घरी न्यायच्या होत्या.

ही कल्पना महेश्वरीची. जुळे सोलापुरात एका दवाखान्याच्या वरच्या मजल्यावर ती एक केंद्र चालवते. जीव नकोसा झालेल्या पोरापोरींशी बोलायचं, आणि ज्या घरातलं पोर असं गेलं त्या घराला धरून राहायचं, हे तिथलं काम. महेश्वरीचं म्हणणं असं, की माणूस गेलं की पहिले दहा-बारा दिवस घरात माणसं मावत नाहीत. शेजारपाजारचं पिठलं-भाकरी येतं, पाहुणे येतात. मग तेरावा झाला, सतरंजी उचलली, की सगळे आपापल्या वाटेला लागतात आणि घरातल्यांना चूलसुद्धा पेटवावीशी वाटत नाही. आणि पोर असं गेलेलं असेल तर लोक आधीच बिचकत आलेले असतात, ते दुप्पट वेगानं जातात. "तेव्हा तुम्ही जायचं, काकू. भाकरी घेऊन जायचं. मोडून खाता येईल असं काहीतरी घरात असावं. बोलणं झालं तर झालं, नाही तर नुसतं बसायचं."

नुसतं बसणं शरणम्माला जमत होतं. चार वर्षं ती दुसरं काय करत होती?

महेश्वरीला शरणम्माच्या पोराचं, नंदीशचं, खरं ठाऊक होतं, कारण चार वर्षांपूर्वी सिव्हिल हॉस्पिटलच्या आवारात ती शरणम्माच्या शेजारी बसून होती. बाकी जगाला ठाऊक होतं ते वेगळं. एकोणीस वर्षांचा नंदीश हार्ट अटॅकनं गेला. हे ठरवलं शरणम्माच्या दिरानं, कल्लप्पानं, त्याच दुपारी, तिच्याच दारात उभं राहून. "वैनी, माज्या दोन पोरींची लग्नं व्हायची हायत. कुणीबी इचारलं तर हार्ट अटॅक म्हनायचं. एकच सांगायचं, सारकं सांगायचं." शरणम्मानं सारखं तेच सांगितलं. भेटायला आलेली माणसं हळहळली, आणि दुखवट्याच्या रीतीप्रमाणे निघताना 'येतो' न म्हणता गुमान उठून गेली. रीत बरोबरच होती. दुखाच्या घरात कुणी 'या' म्हणत नाही आणि निघताना कुणी 'येतो' म्हणत नाही. असल्या कारणानं पुन्हा यावं लागू नये, हा त्यामागचा भाव. पण एक कल्लप्पाचं घर सोडलं, तर गेलेली ती माणसं कुठल्याच कारणानं पुन्हा आली नाहीत. गिऱ्हाइकं तेवढी दारात उभी राहायची, पिशवी घ्यायची आणि जायची.

*

वळसंगला उतरल्यावर शरणम्मानं पदर डोक्यावरून पुढे ओढला. उन्हासाठी नव्हे. स्टँडजवळच सोमेशचं किराणा दुकान होतं, आणि सोमेश म्हणजे कल्लप्पाच्या थोरलीचा नवरा. गेल्याच वर्षी लग्न झालं होतं. 'वळसंग नको, दुसरं कुठलंही गाव द्या,' असं तिनं महेश्वरीला सांगून पाहिलं होतं. पण केंद्रातल्या दुसऱ्या बायका लग्नसराईत अडकलेल्या, आणि या घरात एक सतरा वर्षांची मुलगी होती. "मला त्या मुलीची काळजी वाटते, काकू," महेश्वरी म्हणाली होती. "रेश्मा नाव तिचं. आई-बापाशी बोलत नाही. माझ्याशी फोनवर दोनदा बोलली. मी तिला सांगितलंय, ज्या मावशी येतील त्यांचाही मुलगा असाच गेलाय. त्यावर म्हणाली, मग येऊ देत."

घर वेशीच्या बाजूला होतं, पत्र्याचं, पुढे मोठी पडवी. ऋतुराजला जाऊन सदतीस दिवस झाले होते. वीस वर्षांचा, सोलापुरात खोली घेऊन डिप्लोमा करणारा पोरगा. बाप भारत पहाटे रानात जायचा तो अंधार पडल्याशिवाय घरी यायचा नाही. आई वैजयंती भिंतीला टेकून बसली होती. घरातला कारभार भारतची थोरली बहीण बजाबाई बघत होती. विधवा, खणखणीत आवाजाची, सुपात ज्वारी घेऊन खडे वेचत बसलेली.

"कोण तुमी?"

"सोलापूरच्या. महेश्वरी म्याडमनी पाठीवलंय."

"बसा." 'या' नाही, नुसतं बसा. रीत सांभाळणारी बाई होती.

शरणम्मा बसली. गाठोडं वैजयंतीपुढे सरकवलं. आतल्या दाराआडून एक मुलगी तांब्या-फुलपात्र घेऊन येत होती. बारीक अंगाची, वेणी दोन दिवसांपूर्वीची. ती शरणम्माकडे सरळ बघत होती. इतकी सरळ, की शरणम्माला वाटलं, आपल्या तोंडावर काहीतरी लिहिलेलं आहे आणि ही पोरगी ते वाचायला आलीय.

तेवढ्यात बजाबाईनं सूप खाली ठेवलं. "थांबा की. तुमी त्या किराणावाल्या सोमेशच्या चुलत सासू न्हवं? लग्नात बगितलंय मी तुमाला. तुमचं पोरगं हार्ट अटॅकनं गेलं म्हनं, न्हवं?"

"व्हय," शरणम्मा म्हणाली.

शिवणाऱ्याचा हात जसा न बघता टाका घालतो तसं ते आलं. चार वर्षं एकच सांगायचं, सारखं सांगायचं. तोंडातून निघून गेल्यावर तिला कळलं की काय झालं. तिनं वर पाहिलं. रेश्मा अजून तशीच उभी होती, पण आता ती वाचत नव्हती. तिनं तांब्या खाली ठेवला, आत गेली आणि दार लावून घेतलं. आतून कडी घातल्याचा आवाज आला.

"बगा वैनी," बजाबाई वैजयंतीला सांगत होती, "कुनाला झटका येतोय, कुनाला आक्शिडेंट हुतोय. न्यायचं म्हनलं की देव नेतोयच." म्हणजे गावाला यांनी 'आक्शिडेंट' सांगितलं होतं. प्रत्येक घराचं आपापलं एक ठरलेलं असतं.

शरणम्मा अर्धा तास बसली. बंद दाराकडे जाऊन हाक मारावी असं तिला दहा वेळा वाटलं, पण बजाबाईच्या देखत काय म्हणून मारायची? शेवटी ती उठली, आणि उठता उठता, रोज गिऱ्हाइकाच्या दारात म्हणते तसं म्हणून गेली, "येते."

"अवो बाई!" बजाबाई कडाडली. "दुखाच्या घरातनं येते म्हनत्यात व्हय? चांगल्या जाणत्या दिसताय की!"

शरणम्मा खालमानेनं स्टँडवर आली. दोन चुका एका बैठकीत. एक खोटं बोलण्याची आणि एक परत यायचं कबूल करण्याची.

*

महेश्वरीचा फोन आला तेव्हा शरणम्मा दिवाबत्ती करून परातीसमोर बसली होती. पीठ मळलेलं होतं, पण हात चालत नव्हता.

"काकू, रेश्माचा मेसेज आलाय. वाचून दाखवते. 'त्या मावशी खोटं बोलल्या. चार वर्षं झाली तरी लपवावंच लागत असेल तर काय उपयोग.' एवढंच लिहिलंय. आता फोन उचलत नाहीये."

शरणम्मानं पिठाचे हात पदराला पुसले.

"मी वैजयंतीताईंशी बोललेय. आज पोरीला एक क्षण एकटी सोडायची नाही, तिच्याजवळच झोपा, असं सांगितलंय. मी पुण्यात आहे, पहाटे निघते, अकरापर्यंत वळसंगला पोचते. काकू, तुम्ही तिला विचारलंत का?"

"काय?"

"तेच."

'तेच' म्हणजे एक प्रश्न. केंद्रात सगळ्या बायकांना तो शिकवला होता. असं विचारलं तर पोराच्या डोक्यात नसलेलं भरतं, हा निव्वळ गैरसमज आहे, उलट विचारलं की त्याला बोलायला वाट मिळते; म्हणून आडवळणानं नाही, सरळ शब्दांत विचारायचं, हे महेश्वरीनं पुन्हा पुन्हा घोकून घेतलं होतं. मग जोड्या करून एकमेकींना विचारायची तालीम झाली. शरणम्माच्या जोडीला एक निवृत्त मुख्याध्यापिका होत्या. त्यांनी पाढे म्हणून घ्यावेत तसं खणखणीत विचारलं, "तुमच्या मनात जीव द्यायचा विचार येतो का?" मग शरणम्माची पाळी आली. तिनं तोंड उघडलं आणि विचारलं, "जेवलीस का?"

सगळ्या बायका हसल्या. शरणम्माही हसली. पण तिला हसू आलेलं नव्हतं.

कारण नंदीशलाही ती रोज तेवढंच विचारत होती. "ऊटा आतेन?" घरात दोघं कानडीत बोलत. जेवलास का? शेवटच्या दोन महिन्यांत तो अर्धी भाकरी टाकून उठायचा, आणि ती दुप्पट मायेनं तेच विचारायची. "अव्वा, मला झोपच येईना झालीया," असं एकदा म्हणाला, तर तिनं सांगितलं, "मोबाईल ठिव, म्हंजी येतीया." भुकेपलीकडे पोराला काही दुखू शकतं आणि ते विचारता येतं, हे तिला कुणी सांगितलंच नव्हतं. तिच्या आईनं तिला विचारलं नव्हतं, आजीनं आईला विचारलं नव्हतं. पिढ्यान् पिढ्या सगळ्यांनी एकमेकांना पोटभर वाढलं होतं.

"काकू, ऐकताय ना?"

"मी जाते सकाळच्या पयल्या गाडीनं," शरणम्मा म्हणाली.

"तुम्हाला जड जाणार असेल तर मी येईपर्यंत थांबा. त्या गावात तुमचे नातेवाईक आहेत, मला कल्पना आहे."

"येते म्हनून आलीय मी तितनं," ती म्हणाली. "जायाच लागंल."

*

सकाळी गाडीत तिच्या मांडीवर काहीच नव्हतं. रिकाम्या हातांचं काय करायचं ते तिला कळेना. कुठल्याही घरी ती रिकाम्या हातानं कधी गेली नव्हती. तिनं ते एकमेकांत अडकवले, सोडले, खिडकीचा गज धरला. कल्लप्पाला काय वाटेल, याचा विचार तिनं करून पाहिला. त्याची धाकटी अजून लग्नाची होती. वाईट माणूस नव्हता तो. नंदीशच्या वेळी त्यानंच सगळं केलं होतं, खड्ड्यात पहिली माती त्यानंच लोटली होती. सासर-माहेर म्हणून तिला आता तेवढंच एक घर उरलं होतं. सणाला बोलावणारं एकच घर.

वळसंगला सोमेश दुकानाच्या फळ्या काढत होता. "काकू, परत आज? काल बी आल्तासा म्हनं."

आज तिनं पदर ओढला नाही. "काम हाय," म्हणाली आणि चालू लागली.

पडवीत तीच माणसं, त्याच जागी. वैजयंतीचे डोळे जागरणानं लाल झाले होते. आतलं दार उघडं होतं, पण रेश्मा दिसत नव्हती.

"आलासा व्हय," बजाबाई म्हणाली. "सांगूनच गेलतासा म्हना." तिच्या मांडीवर पुन्हा सूप होतं. त्या घरात ज्वारी किती आणि खडे किती, देव जाणे.

शरणम्मा बसली नाही. बसली असती तर राहून गेलं असतं, हे तिला पक्कं ठाऊक होतं. ती पडवीच्या खांबाला धरून उभी राहिली आणि आतल्या दाराला ऐकू जाईल अशा आवाजात म्हणाली, "काल तुमी इचारलं, तुमचं पोरगं हार्ट अटॅकनं गेलं न्हवं? मी व्हय म्हनलं. ते खोटं हाय. माझ्या नंदीशनं आपला जीव आपनच दिला. एकुनीस वर्साचा हुता. चार वर्सं झाली, मी कुनाला खरं सांगितलं न्हाय. आज सांगतीय."

बजाबाईचा सुपातला हात थांबला. रस्त्यावरून एक ट्रॅक्टर गेला.

मग वैजयंती बोलली. अडतीस दिवसांत तिचा आवाज घरातल्यांनीसुद्धा फारसा ऐकला नव्हता. "तुमाला आदी कळलं न्हाय का?"

हा प्रश्न तिनं शरणम्माला विचारला होता, पण ती तो रोज कुणाला विचारत होती हे शरणम्माहून चांगलं कुणाला कळणार? ती आता खाली बसली, वैजयंतीच्या शेजारी, गुडघ्याला गुडघा लावून.

"न्हाय बाई. रोज इचारत हुते, जेवलास का, जेवलास का. दुसरं काय इचारायचं असतंय त्ये म्हाईतच नव्हतं."

"मी बी त्येच," वैजयंती म्हणाली. "रोज फोनवर. डबा खाल्लास का." आणि तिच्या तोंडातून एक आवाज निघाला, आणि मग ती रडायला लागली, पदर तोंडात न कोंबता, मोकळी, शेजारपाजारच्यांना ऐकू जाईल अशी. बजाबाई उठली. शरणम्माला वाटलं, आता ही आपल्याला हाताला धरून बाहेर काढणार. पण बजाबाई भावजयीच्या पलीकडच्या बाजूला येऊन बसली आणि तिच्या पाठीवरून हात फिरवायला लागली. "रड गं माजे आई," एवढंच म्हणाली. तिचा खणखणीत आवाज कुठे गेला होता कोण जाणे.

आतल्या दारात रेश्मा येऊन उभी होती. डोळे सुजलेले, पाय अनवाणी. तिनं शरणम्माकडे पाहिलं.

"आत या," म्हणाली.

दुखाच्या घरात ती 'या' म्हणाली होती, आणि बजाबाईनं मान वर करूनही पाहिलं नाही.

*

आतली खोली धान्याची आणि अभ्यासाची मिळून एकच होती. कणगीशेजारी टेबल, त्यावर बारावीची पुस्तकं. काल आणलेल्या भाकऱ्यांचं गाठोडंही तिथेच होतं, न सोडलेलं. रेश्मा खाली बसली, शरणम्मा तिच्यासमोर.

"जेवलीस का?" तोंडातून आलंच. बावीस वर्षांची सवय, काय करणार?

रेश्माच्या ओठाचा कोपरा किंचित हलला. "न्हाय."

शरणम्मानं गाठोडं सोडलं. वरच्या दोन भाकऱ्या तडकलेल्या होत्या. तिनं एक तुकडा मोडून पोरीच्या हातात दिला, एक स्वतः घेतला, पण तोंडात घातला नाही. मग ज्या शब्दांना केंद्रात ती अडली होती, आणि त्याआधी चार वर्षांपूर्वी जे तिच्याकडे नव्हतेच, ते तिनं एकेक करून बाहेर काढले.

"रेश्मा, तुज्या मनात जीव द्यायचा इचार येतोय का?"

बाहेर वैजयंतीचं रडणं आता हळू झालं होतं. रेश्मा हातातल्या तुकड्याकडे बघत राहिली.

"व्हय," ती म्हणाली.

शरणम्मा उठली नाही, ओरडली नाही, 'असं बोलू नगस' म्हणाली नाही, 'आईकडं बग' म्हणाली नाही. हे सगळं म्हणायचं नाही, हे तिला शिकवलं होतं. पण त्याहून खरं असं, की तिला त्या क्षणी एवढंच वाटत होतं की ही पोरगी बोलती आहे आणि आपण इथे आहोत.

"कवापास्नं?"

"दादा गेल्यापास्नं. मावशी, त्यानं मला फोन केलता आदल्या दिवशी. मी म्हनलं, अब्यास हाय, नंतर करते. केलाच न्हाय मी. तवाच बोलले असते तर..."

"मी मोबाईल ठिव म्हनलं हुतं," शरणम्मा म्हणाली. "त्याला झोप येईना, तर मी म्हनलं, मोबाईल ठिव. चार वर्सं त्येच वाक्य माज्या डोक्यात फिरतंय. भाकरी थापताना फिरतंय, नळावर फिरतंय. म्याडम म्हनत्यात, एका फोननं, एका वाक्यानं कुनी जात न्हाय, त्येचं दुखनं आत कवापास्नं हुतं. पयलं पटत नव्हतं. आता कदी पटतंय, कदी न्हाय."

"कदी न्हाय पटलं तर काय करता?"

असं कुणी तिला कधी विचारलं नव्हतं. "म्याडमला फोन करते. न्हाय तर पीठ मळते. पन एकटीनं धरून बसले की लई जड हुतंय बग. मी चार वर्सं एकटीनंच धरलं. तू तसं करू नगस. डाक्टर असत्यात ह्येचे, औषद असतंय. म्याडम आत्ता यायल्यात. आईला सांगू या?"

"तुमी सांगा."

"दोगी सांगू. मी हात धरते तुजा."

रेश्मानं हात पुढे केला. त्यात भाकरीचा तुकडा अजून तसाच होता, घामानं मऊ पडलेला. तिनं तो तोंडात टाकला आणि चावायला लागली.

अकराच्या आत महेश्वरी आली. रानातून भारतला बोलावणं गेलं. तो चिखलाच्या पायांनी धावत आला आणि काय करायचं ते न कळून लेकीच्या डोक्यावर हात ठेवून नुसता उभा राहिला. दुपारी तिघं महेश्वरीबरोबर सोलापूरला हॉस्पिटलात गेली. गाडीत जागा नव्हती म्हणून शरणम्मा मागे एसटीनं निघाली.

कल्लप्पाचा फोन तिला गाडीतच आला. सोमेशच्या दुकानात बातमी पोचायला किती वेळ लागणार?

"वैनी, येड लागलंय का तुमाला? पोरीच्या सासरी आमाला तोंड दाकवाय जागा ठिवली न्हाय तुमी. चार वर्सं झाकलं, ते काय आज चवाट्यावर मांडायला?"

"भावजी," ती म्हणाली, "एक पोरगी हुती तितं."

"मला बी पोरीच हायत्या!" त्यानं फोन ठेवला.

*

संक्रांतीला दरवर्षी कल्लप्पाचं सगळं घर सिद्धेश्वराच्या गड्ड्याच्या यात्रेला यायचं आणि शरणम्माकडे जेवायचं. यंदाही तिनं शेंगापोळ्या केल्या. नंदीध्वजांच्या मिरवणुकीच्या दिवशी गल्ली माणसांनी फुलून गेली. कल्लप्पा, त्याची बायको आणि धाकटी तिच्या दारावरूनच गेली. धाकटीनं मागे वळून पाहिलं, तर आईनं तिचा दंड धरून पुढे नेलं. शरणम्मा उंबऱ्यात उभी होती. पोळ्या तिनं मग शेजारी वाटल्या, आणि एक डबा भरून फळीवर ठेवला.

तो डबा गुरुवारी उघडला. एकाआड एक गुरुवारी रेश्माला हॉस्पिटलात यायचं असायचं. पहिले काही महिने आई बरोबर असायची, आता ती एकटी येई. तिथलं बोलणं, गोळ्यांचं वगैरे झालं की वळसंगच्या गाडीपर्यंतचा वेळ ती शरणम्माकडे काढायची. कधी खूप बोलायची. दादा कसा चिडवायचा, कसा गायचा, सगळं. कधी एक शब्दही न बोलता भिंतीला टेकून बसायची, आणि मग शरणम्मा थापणं थांबवून सरळ विचारायची. आता ते शब्द अडत नव्हते. कधी "न्हाय" यायचं, कधी "थोडं थोडं". थोडं थोडं आलं की दोघी मिळून महेश्वरीला फोन लावायच्या.

त्या गुरुवारी तिनं दोन शेंगापोळ्या खाल्ल्या आणि भाकरी थापून बघितली. तिच्या भाकरीला नकाशासारखे कोपरे आले होते. "ही कुनाला इकायची न्हाय," शरणम्मा म्हणाली, "गिऱ्हाईक पळून जाईल." रेश्मा हसली. नंदीशच्या फोटोला हार नव्हता; शरणम्माला तो आवडत नसे. त्याखाली रेश्मानं तिळगुळाची पुडी ठेवली, दप्तर उचललं आणि दाराशी जाऊन चपला घालायला लागली.

"मावशी, गाडी चुकंल. येते."

शरणम्माचा हात पिठात होता. या घरातून निघताना शेवटचं तसं कोण म्हणालं होतं, ते तिला ठाऊक होतं. कानडीत, "बर्तीनी अव्वा", येतो आई, म्हणून, कॉलेजला जाताना, सायकल काढता काढता.

"ये," ती म्हणाली.

मग ती उठून दारात आली. पोरगी गल्लीतून चालली होती, वेणी नीट घातलेली, दप्तर एका खांद्यावर. कोपऱ्यावरच्या पानपट्टीशी ती वळेपर्यंत शरणम्मा बघत राहिली. वळल्यावरही थोडा वेळ बघत राहिली.

आत आली तेव्हा तव्यावरची भाकरी करपली होती. बावीस वर्षांत तिच्या हातून असं कधी झालं नव्हतं. तिनं ती उलथन्यानं काढून बाजूला ठेवली, पिठाचा गोळा घेतला आणि दुसरी थापायला बसली.